काचेतली किल्ली

आत्याच्या नावाचं दालन उघडायला संग्रहालयाच्या अध्यक्षांनी मलाच बोलावलं. घरची म्हणून. मी गेले ती रागातच.

बावीस वर्षं आत्यानं हे संग्रहालय एक पै न घेता सांभाळलं. वस्तू पुसल्या, त्यांच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहिल्या, छप्पर गळायचं तिथे बादल्या ठेवल्या. उरल्या वेळात गावाभोवतालच्या अठरा पायवाटा चालून त्यांचं पुस्तक लिहिलं. ह्याच अध्यक्षांच्या डोळ्यांत ती खुपायची. "बाई सारख्या चुका काढतात," म्हणून तिच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. साधा चहा विचारला नाही. आता ती गेल्यावर सगळ्यांना पुळका आला होता.

दालन मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू! काचेच्या कपाटात तिचे झिजलेले बूट, चष्मा, पुस्तक. शेजारी तिच्या किल्ल्यांचा जुडगा आणि खाली पाटी: 'निष्ठेचं प्रतीक'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुस्तकातली पहिलीच वाट संग्रहालयाच्या मागच्या फाटकातून सुरू होते. आत्या गेल्यापासून अध्यक्षांनी त्या फाटकाला कुलूप घातलं होतं. मागे गाड्या लावायला जागा हवी होती. गावचा नियम असा, की वर्षातून एकदा तरी कोणी वाट चालून संग्रहालयातल्या वहीत सही केली, तर ती सगळ्यांची. नाहीतर कायमची बंद. आत्याची शेवटची सही गेल्या वर्षीची, आजच्याच तारखेची.

फीत कापायच्या आधी मी म्हणाले, "मागचं फाटक उघडा."

"अहो, आज कार्यक्रम आहे. उद्या बघू."

"उद्या वाट उरणार नाही. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"उघडलं असतं हो, पण किल्लीच सापडत नाही."

म्हातारे शिपाईकाका खाकरले आणि काचेकडे बघत राहिले. मी वाकून पाहिलं. जुडग्यातल्या सर्वांत मोठ्या किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. वस्तूची स्तुती लिहू नये, ती कशासाठी आहे ते लिहावं, हा आत्याचा हट्ट. तिच्या अक्षरात तिथे लिहिलं होतं: 'मागचं फाटक. रोज उघडणे.' काचेत मांडणाऱ्यांपैकी एकानेही ते वाचलं नव्हतं.

"वस्तूंना हात लावायचा नाही," अध्यक्ष घाईनं म्हणाले, "हा तुमच्या आत्याबाईंचाच नियम."

"मग त्याच बाईंचं हेही वाचा," मी म्हणाले. "मोठ्यानं वाचा, पाहुण्यांना ऐकू जाऊ दे."

अध्यक्ष फीत सरळ करू लागले. शिपाईकाकांनी कपाट उघडून जुडगा माझ्या हातावर ठेवला.

कुलूप जरा कुरकुरलं, पण उघडलं. अध्यक्षांची गाडी नेमकी फाटकाला चिकटून उभी होती. अंग चोरून निघावं लागलं. मागोमाग काका आले, मग निम्मे पाहुणे, कार्यक्रम अर्धवट टाकून. वाट चालून परत येऊन मी वहीत आत्याच्या सहीखाली सही केली. रडू येत होतं, पण अध्यक्षांसमोर नाही रडले.

"जुडगा परत कपाटात ठेवायचा ना?" अध्यक्षांनी विचारलं.

शिपाईकाकांनी मोठी किल्ली सोडवून खिशात टाकली आणि म्हणाले, "बाकीच्या ठेवा. ही उद्या सकाळी लागणार आहे."