एकाच पुलाचे दोन प्रश्न

मावशीने बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर तीस वर्षं काढली होती. सगळं वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. त्याच तोऱ्यात तिने एकदा बंद झालेल्या गाडीची वेळ सांगून एका आजारी म्हाताऱ्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. त्यानंतर ती साध्या प्रश्नालाही आधी फोन उचलून डेपोत विचारायची. मग रांग वाढायची आणि लोक वैतागायचे. कधी आठवणीतून सांगावं आणि कधी विचारून घ्यावं, हे अंगवळणी पडायला तिला अकरा वर्षं लागली.

भाचीच्या ऑफिसात भाषा-मॉडेल, म्हणजे विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणारा संगणकाचा प्रोग्राम, तयार होत होतं. एक दिवस ती मावशीला तिथे घेऊन गेली. "मावशी, याची परीक्षा तूच घे," भाची म्हणाली.

मावशीने चष्मा पुसून विचारलं, "नदीवरचा जुना पूल कोणत्या साली बांधला?"

पडद्यावर उत्तर लगेच आलं आणि बरोबर आलं.

"आणि त्या पुलावरून आत्ता गाडी जाईल का?"

या वेळी पडद्यावर आधी एवढंच उमटलं, 'हे आठवणीतून सांगणं बरं नाही, पाहून सांगतो.' मग उत्तर आलं. दुरुस्तीसाठी पूल सकाळपासून बंद होता.

मावशी खुर्चीतून पुढे सरकली. "अगं, थांबायचं कुठे हे याला कळतं!"

"अजून चुकतं गं अधूनमधून," भाची म्हणाली. "कधी उगाच शोधत बसतं, कधी ठोकून देतं."

"चुकू दे की," मावशी हळूच म्हणाली. नुकतंच पाऊल टाकू लागलेल्या लेकराकडे बघावं, तशी ती पडद्याकडे बघतच राहिली.