दोन वह्यांमधली होडी

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा कुणी होडी म्हणत नाही. पत्र्याची परात म्हणतात. एक जण तर सिमेंट कालवायचं घमेलं म्हणाला होता. म्हणू देत. भीमेच्या पाण्यावर शिरूरचा काठ आणि दौंडचा काठ यांच्यामध्ये गेली नऊ वर्षं मीच ये-जा करते आहे, आणि नावं ठेवणाऱ्यांपैकी एकही पोहत पलीकडे गेलेला मी पाहिलेला नाही.

माझा जन्म पाण्यावर झाला नाही. कारेगावला कंपन्यांच्या मागे एक वेल्डिंगची शेड आहे, तिथं झाला. त्या शेडमध्ये शटर आणि लोखंडी जिने व्हायचे. होडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बनवली. बिहारकडचा वेल्डर मला जोडता जोडता मालकाला म्हणाला, "सेठ, ये डूबेगी तो मेरा नाम मत बताना." मी बुडाले नाही. त्याचं नाव मला ठाऊक असतं तर मी अभिमानानं सांगितलं असतं.

मला इथं आणलं एका प्रकल्पानं. 'दोन तालुके, एक काठ' असं त्याचं नाव. इथं नदी हीच दोन तालुक्यांची शीव आहे. पुलावरून वळसा घातला तर बत्तीस किलोमीटर पडतात, आणि पाण्यावरून मी सात मिनिटांत पोचवते. दोन तालुक्यांच्या लोकांनी एकत्र यावं, एकमेकांचा दवाखाना, बाजार, शाळा वापरावी, असा प्रकल्पाचा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण हे दोन काठ एकत्र नव्हते कधी? इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडच्या इकडे, असं चार पिढ्या चाललं आहे. प्रकल्पवाल्यांना हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. नारळ फोडायला दगड सापडेना म्हणून तो माझ्याच नाकावर फोडला. झेंडूच्या माळा घातल्या, फोटो काढले. त्यातला एक फोटो प्रकल्पाच्या पुस्तकावर छापून आला. त्यात मी नव्यासारखी दिसते, आणि होतेच तेव्हा नवी.

मला चालवतो म्हस्कू. साठी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. दोन्ही काठांवरच्या खांबांना तारेचा दोर ताणून बांधला आहे. तो दोर हातांनी ओढत म्हस्कू मला पलीकडे नेतो. उन्हाळ्यात जलपर्णी माजते, तेव्हा तो आधी वाट करतो आणि मग मला काढतो. पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं की मला वर ओढून बाभळीला बांधून ठेवतात. एवढंच काय ते माझं सुट्टीचं सुख.

पुढे रंग द्यायचं बंद झालं. मग गंज आला. तळाला भोक पडलं, म्हस्कूनं डांबर भरलं. दुसरं पडलं, पुन्हा डांबर. आता तो एका हातानं दोर ओढतो आणि दुसऱ्या हातानं तेलाच्या डब्यानं पाणी उपसतो. फेरी सांभाळणाऱ्या दोन्ही काठांच्या कमिटीनं प्रकल्पाकडे नवा तळ मागितला. उत्तर आलं की आधी माणसांच्या ये-जाची मोजणी होईल.

मोजणीसाठी दोन्ही काठांवर एकेक वही होती. शिरूरच्या काठावर ती पोपटराव लिहायचे, दौंडच्या काठावर बचत गटाच्या कुशाबाई. वहीची रीत शिकवायला आलेला माणूस सांगून गेला होता की तुमच्या काठावर पलीकडच्या तालुक्याचा माणूस उतरला की त्याला लिहा. आपलं माणूस परत आलं तर लिहू नका, म्हणजे एकच माणूस दोनदा मोजला जाणार नाही. सोपं काम होतं. दोघांनी ते नऊ वर्षं इमानानं केलं.

आता हर्षदाचं सांगते. ती शिरूरच्या काठाची लेक आणि दौंडच्या काठाची सून, कुशाबाईंचीच. पोपटराव तिचे भावकीतले चुलते. हर्षदाची आई साखरबाई दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं अंथरुणाला खिळली. घरात दुसरं कुणी नाही. सकाळचं शेजारीण बघते. दुपारी हर्षदा डब्यात दूधभात कालवून आणते, आईला भरवते, अंग पुसते, कूस बदलते आणि चारच्या फेरीनं परत जाते. दोन वर्षांत तिची फेरी पाण्यानं चुकवली असेल, तिनं कधी चुकवली नाही.

या जानेवारीत पुण्याहून मोजणीच्या मॅडम आल्या. अपेक्षा त्यांचं नाव. वय असेल तिशीचं. हातात टॅब, पायात पांढरे बूट. बूट पांढरे राहिले नाहीत. कुशाबाईंची वही म्हस्कूनं आधीच आणून ठेवली होती. पोपटरावांच्या टेबलावर दोन्ही वह्या उघडून त्यांनी बेरीज केली. ते टेबल माझ्या खुंट्यापासून चार पावलांवर आहे, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"वर्षाला सहा हजार लोकांची ये-जा अपेक्षित होती," त्या म्हणाल्या. "वह्यांत गेल्या वर्षाचे चारशे अकरा आहेत."

"बरोबर हाय. एक माणूस खोटा न्हाई त्यात," पोपटराव म्हणाले.

खोटा नव्हताच. शेळ्यांचे व्यापारी होते, लग्नाचे बँडवाले होते, मतं मागायला आलेले होते. म्हैस बघायला तीनदा येऊन तीनदा रिकाम्या हातानं गेलेला एक माणूस होता, तो तीनदा लिहिला होता.

"मग नवा तळ मंजूर होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "अशा तळावर माणसं बसवणंही बरोबर नाही. एकतीस मार्चला फेरी बंद करावी लागेल."

हर्षदा तेव्हाच उतरली होती. डबा छातीशी धरून ती तिथंच थांबली.

"मॅडम, फेरी बंद झाल्यावर माझ्या आईला भरवायचं कुणी?"

"तुम्ही रोज येता?"

"रोज. दोन वर्षं झाली."

मॅडमनी पानं मागं-पुढं केली. "तुमचं नाव कुठंच नाही."

"तिचं कसं असंल?" पोपटराव म्हणाले. "पलीकडचा माणूस लिहायचा, असं तुमच्याच माणसानं सांगितलंय. ही आमची लेक हाय. लेकीला पलीकडची लिहू व्हय?"

"मग त्या काठानं लिहायला हवं होतं."

"ते त्यांना इचारा."

मॅडम कुशाबाईंची वही घेऊन विचारायला निघाल्या. मोजायला आलेलं माणूस माझ्यात बसलं, असं नऊ वर्षांत पहिल्यांदा झालं.

"मधी बसा, मॅडम," म्हस्कू म्हणाला. "कडंला बसला तर निम्मी भीमा आत येती."

दौंडच्या काठावर आठ बायका आणि एक बांगड्या विकणारा उतरला. कुशाबाईंनी बांगडीवाल्याला वहीत लिहिलं आणि वही मिटली.

"बाकीच्या आठ?" मॅडमनी विचारलं.

"त्या समद्या आमच्याच की. ह्या पाच सुना, म्हायेरावनं आल्यात. आन् ह्या तिघी हितल्या लेकी, शिरूरला दिलेल्या."

"पण लेकी तर शिरूरहून आल्या ना? मग त्या पलीकडच्या."

"बाई, तुमचं लगीन झालंय का?"

"झालंय."

"मग आईच्या दारात तुम्हाला पावणी म्हणून कुणी लिहिलं तर चालंल?"

कुशाबाईंनी त्यांच्या हातावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. ती त्यांनी खुंट्याशेजारी बसून खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत येणारी-जाणारी माणसं स्वतः मोजत बसल्या. मला त्यांचा तेव्हा थोडा आदर वाटला.

जाताना त्या म्हणाल्या, "मागचं मला लिहिता येणार नाही, पुरावा नाही. पुढचा एक महिना मात्र नीट लिहा. जो ज्या तालुक्यात राहतो, तो त्या तालुक्याचा. लेक असो नाहीतर सून. महिन्याचा आकडा मी अहवालात घालते."

"म्हंजी हर्षदा दौंडची," कुशाबाई म्हणाल्या. "आता त्या पोपटरावाला सांगा, मॅडमनीच निकाल दिला."

"आणि तुमची मुलगी कुठं दिली आहे?"

कुशाबाईंची मोनाली शिरूरच्या काठाला दिलेली. त्यांनी वही पिशवीत घातली आणि चुलीचं काम आठवलं म्हणून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षदा शिरूरच्या काठावर उतरली. पोपटरावांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"आप्पा, लिहा ना."

"हात चालत न्हाई माझा. तुझा बाप गेल्यावर तुझं कन्यादान मी केलं. आन् आता मीच लिहू, दौंडची बाई आली म्हणून?"

"न्हाई लिहिलं तर मी लेकच राहीन, आप्पा. पण येऊ कशी?"

हर्षदानं डबा टेबलावर ठेवला, वही आपल्याकडे ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. नाव, हर्षदा. राहणार, तालुका दौंड. येण्याचं कारण, आईला जेवण. तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं पेन मागून घेतलं. तिच्या मागं आणखी चौघी होत्या.

शनिवारी मोनाली माहेरी आली. कुशाबाई तिला म्हणाल्या, "तुझं तू लिही. माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मोनालीनं तो बघितला आणि लिहून टाकलं.

महिन्याची बेरीज अकराशे सहा झाली. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी तीच होते, नदी तीच होती आणि माणसंही तीच होती. फक्त ती आता कागदावर दिसायला लागली होती. मार्चमध्ये मला ट्रॉलीवर घालून त्याच कारेगावच्या शेडमध्ये नेलं आणि नवा तळ बसवला. फेरीला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी होईल.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. पावसाळ्याआधी मला एकदा खरवडा आणि रंगाचा हात फिरवा. तळ फुटल्यावर मला नावं ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन असल्या कामांची मोजणी करायला गेलंच, तर वही उघडण्याआधी होडीत बसा आणि पलीकडे उतरा. वहीत कोण आहे ते वहीच सांगते. वहीत कोण नाही ते तोंडानं विचारावं लागतं, आणि जे उत्तर मिळेल त्यात कुणाचा मान गुंतलेला असेल, तर तोही सांभाळावा लागतो.

हर्षदा अजून रोज दुपारी येते. पोपटराव वही तिच्याकडे फिरवून ठेवतात आणि ती लिहीपर्यंत नदीकडे तोंड करून उभे राहतात. पेनचं टोपण लावल्याचा आवाज आला की ते वळतात आणि तिला आत्ताच बघितल्यासारखं विचारतात, "कवा आलीस, पोरी?"