काळ्या टिकलीखालचं बंदर

मित्रांनो, मी लोधिवलीजवळच्या एका शाळेतला जगाचा जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. मला पाहून तुम्ही हसाल, कारण माझ्यावर सोव्हिएत संघ अजून एकच देश आहे आणि जर्मनी मात्र दोन.

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. शाळेत आलो तेव्हा मला बोट लावायला मुलांची झुंबड उडायची. पुढे वर्गात मोठा पडदा आला. बोट फिरवलं की त्यावर अख्खं जग फिरायचं. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. तिथे उंदरांनी माझा दक्षिणेकडचा महासागर कुरतडला.

गेल्या वर्षी इतिहासाच्या पद्मजाबाईंनी मला बाहेर काढलं. खालापूरला वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, 'हुकूमशाही देश लोकशाही देशांपेक्षा अधिक आक्रमक असतात.' बाजूने बोलणार होती नववीतली हर्षला आणि विरोधात तिच्याच वर्गातला शौनक. तयारीसाठी बाईंनी टिकल्यांची पाकिटं आणली. हुकूमशहाने परदेशात फौज किंवा विमानं घुसवली असतील तिथे लाल टिकली, निवडून आलेल्या सरकारने घुसवली असतील तिथे काळी.

आधी लालच लागत गेल्या. हर्षला खूश होती.

"बघ, सगळं एकाच्या हातात असलं की त्याला अडवणार कोण?"

शौनक काळ्या लावू लागला. "लोकशाही देश आपसात सहसा लढत नाहीत, हे खरंय. पण दुबळ्या देशावर विमानं पाठवताना त्यांना तरी कुणी अडवलं?"

"म्हणजे दोघं सारखेच?"

"तसं नाही गं म्हणत."

"मग कसं?"

शौनकने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मलाही ठामपणे नाही सांगता येत. अभ्यास करणारेसुद्धा यावर अजून भांडतायत."

हर्षलाचा मोठा भाऊ अक्षय मोहोपाड्याच्या कारखान्यात वेल्डिंग शिकून जहाजदुरुस्तीच्या कामावर परदेशी गेला होता. त्याच आठवड्यात तो होता त्या बंदरावर बॉम्ब पडले. त्याचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी हर्षला शाळेत आली आणि कुणाशी न बोलता तिने त्या बंदरावर टिकली लावली. काळी. ती टिकली तिने पुन्हा पुन्हा दाबली. ते मला कळत होतं, पण मी काय करणार?

दुपारी तिची आई गौराबाई आल्या. शेतातून तशाच आल्या होत्या, पायांना चिखल होता.

"बाई, माजा अक्षय यात कुटं हाय वो?"

पद्मजाबाईंनी दाखवलं. गौराबाईंनी तिथे हात ठेवला आणि मागे वळून लेकीला विचारलं, "ही काली टिकली कशाची गं?"

"तिथं बॉम्ब टाकणारं सरकार लोकांनी मतं देऊन निवडलंय, आये."

गौराबाईंनी हात काढून घेतला. "मंग मतं देनारी मान्सं हायेत ना तिकडं? त्यानला ठावं नाय का, हितं कुनाची पोरं कामाला हायेत म्हनून?"



स्पर्धेच्या सकाळी पद्मजाबाई म्हणाल्या, "हर्षला, नाही बोललीस तरी चालेल." पण ती म्हणाली, "मी येणार." टेंपोतून मीही गेलो. मंचावर मला टांगलं होतं. हर्षलाने पाठ केलेलं भाषण सुरू केलं, मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली.

"हुकूमशहा जास्त हल्ले करतात असं मला अजूनही वाटतं, कारण तिथं नको म्हणणारा तुरुंगात जातो. पण जिथं नको म्हणता येतं, तिथंही माणसं गप्प बसली, तर ज्याच्यावर बॉम्ब पडतो त्याला काय फरक पडतो? माझा भाऊ तिथे आहे. मला दुसरं बोलता येत नाही."

परीक्षक म्हणाले, स्पर्धकाने आपली बाजू सोडली. शौनकला दुसरा क्रमांक मिळाला. तो बक्षीस घ्यायला गेला, पण एकदाही हसला नाही.

काही दिवसांनी अक्षयचा फोन आला. तो वाचला होता. एका कानाने आता त्याला ऐकू येत नाही. त्याच्या खोलीत राहणारा त्या देशातला सोबती गेला. त्याचं नाव काय होतं, असं आईने विचारलं तेव्हा अक्षयने फोन ठेवून दिला.

नंतर हर्षलाने टिकल्या काढल्या. लाल असो की काळी, प्रत्येकीबरोबर माझा थोडा रंग निघून आला. त्या बंदराचं तर नावही उरलं नाही. तिथे आता नुसतं पांढरं कापड दिसतं.

मित्रांनो, मला पुन्हा कपाटामागे ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. पण उद्या तुम्ही मत द्याल, आणि कधीतरी तुमच्याच नावाने दूरच्या देशात विमानं निघतील. तेव्हा एक नकाशा उघडा आणि तिथे कोण राहतं ते विचारा. माझ्यावर डोंगर, नद्या, शहरं सगळं छापलंय. माणसं छापता आली नाहीत.