अकरा खाचांचं दार

त्या घराला आम्ही पहिल्या दिवसापासून नकोसे होतो. तासभर दलदल तुडवत पोचलो, तर मालकीणबाई पायरीवर उभीच.

"सुतार ना? मागून या. पाय धुऊन."

"दादा, बाई खवट दिसते," मी पुटपुटलो.

"तुला काय तिच्याशी संसार करायचाय?" माझा थोरला भाऊ म्हणाला. "दारं फुगलीत. घासायची, बसवायची, घरी जायचं."

घरही बाईसारखंच होतं. दारं वारा नसताना लागायची, तीही नेमकी बोटं फटीत असताना. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्याचं नख गेलं. दादाच्या टाचेत जमिनीतला खिळा घुसला. आदल्या दिवशी तिथे खिळा नव्हता.

दारं अकरा होती. आम्हा दोघांनाही अक्षर येत नव्हतं, म्हणून आमची पद्धत वेगळी. दार काढलं की दादा पटाशीने त्याच्या कडेला खाचा पाडायचा आणि तेवढ्याच चौकटीवर. एक खाच पहिलं दार, दोन खाचा दुसरं. कधी घोटाळा झाला नाही.

अकरावं दार वरच्या बोळाच्या टोकाला होतं. कडी बाहेरून, आत खिडकी नसलेली रिकामी खोली. त्याबद्दल बाईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्यावर नावं कोरलेली आहेत. त्यांना रंधा लागता कामा नये. समजलं?"

"हो बाई," दादा म्हणाला. वाचता येत नाही हे तिच्यासमोर कोण कबूल करणार? मीही मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार खाली उतरवलं. बाहेरच्या बाजूला सुरेख वळणदार कोरीव काम होतं. आतल्या बाजूला नुसते ओरखडे, एकाखाली एक.

"ही नावं," दादाने वळणांवर बोट ठेवलं. "फडकं बांध त्यावर. आतून घास."

"आणि हे ओरखडे?"

"कुत्रं कोंडलं असेल."

मी रंधा मारला. लाकूड विचित्र मऊ लागलं. प्रत्येक ओळ निघाली की माझ्या पाठीमागून कोणीतरी ओल्या पायांनी जिना उतरून जायचं. बाई असेल म्हणून मी वळून पाहिलं नाही. सगळं साफ करून फडकं सोडलं, तेव्हा बाई वर आली. गुळगुळीत फळी पाहून तिचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"नावं कुठे आहेत?"

मी कौतुकाने वेलबुट्टी दाखवली.

"गाढवांनो! ती पानं-फुलं आहेत."

दादा म्हणाला, "चुकलं, बाई. आम्ही निघतो." त्याने माझा दंड धरला. खाली सगळ्या चौकटी उघड्या होत्या, दारं भिंतीला टेकलेली. समोर अंगण, अंगणात ऊन. आम्ही उंबरा ओलांडला आणि पुन्हा वरच्या बोळात उभे राहिलो. मागची चौकट, तेच. स्वयंपाकघराची खिडकी, तेच. चौथ्या खेपेला दादाला धाप लागली.

बाई खुर्ची घेऊन बोळात बसली होती. "झालं फिरून? आत नाव असतं तोवर ही खोली खोलीएवढी राहते. नाव नसलं की अख्खं घर खोली होतं. आता एक नाव कोरायचं, दार बसवायचं, कडी घालायची. ज्याचं नाव, तो आत. बाकीचे मोकळे."

"किती दिवस?" मी विचारलं.

"नाव असेपर्यंत." तिने दादाची पटाशी उचलली. "रंधा कोणी मारला?"

माझे हात अजून भुशाने माखलेले होते.

"नाव सांग तुझं."

मी तोंड उघडलं. दादाने माझ्या पायावर पाय दिला, जोरात, आणि माझं नाव म्हणून स्वतःचं नाव सांगितलं.

एका शब्दात मी ते खोटं पाडू शकलो असतो. मी गप्प राहिलो.

बाईने कोरलं. आम्ही दार चढवलं, अकरा खाचा अकरा खाचांना भिडवल्या. "धाकट्या, कडी घाल," दादा म्हणाला. मी घातली. वळून पाहिलं तर त्याच्या जागी नुसती हत्यारं. बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "अच्छा. म्हणजे तू खोटारडाही आहेस."

मी हत्यारं उचलून पळालो. घरी सांगितलं, दादा दलदलीत गेला.

पुढे चाळीस वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही. एक नाव काढलं तर दुसरं कोरावं लागणार, आणि मला कोरता येत नव्हतं. हे कारण खरं होतं, सोयीचंही होतं. मग नात शाळेत जायला लागली आणि कारण उरलं नाही. तिच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली. आधी दादाचं नाव. मग माझं. त्यानंतर एक दिवस त्या घराच्या फाटकापर्यंत गेलो आणि पितळी पाटीवरचं बाईचं नाव वाचून आलो.

परवा सकाळी हत्यारं घेऊन निघालो. बाई बोळात त्याच खुर्चीवर होती, वाळून काटकी झालेली.

"नाक घासायला आलास?"

"दार घासायला."

मी दार उतरवलं. दादाचं नाव वाचलं, एकदाच, आणि त्यावरून रंधा फिरवला. ती काठी आपटत जिन्याकडे गेली. खाली उतरली आणि पुन्हा बोळात आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

"तुला लिहिता कुठे येतं?" ती ओरडली. मी पटाशी टेकवली. तिसऱ्या अक्षराला तिने माझ्या पाठीत काठी घातली, मग हात जोडले. मी कोरत राहिलो. एकट्याने दार चढवताना खांदा निखळला. कडी घातली.

काठी जमिनीवर घरंगळत होती. ती धरायला कोणी नव्हतं.

मागे कोणीतरी खोकलं. दादा उभा होता. अंगावर तोच सदरा, मिशी काळीभोर, टाचेला फडकं बांधलेलं. माझ्या नातीच्या बापाहूनही तरुण. त्याची नजर माझ्या हातातल्या रंध्यावर गेली आणि कपाळाला आठी पडली.

"आजोबा, हा रंधा आमचा आहे," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ दिसला का कुठे? घाबरट आहे तो. एकटा बाहेर पडायचा नाही."