कफाची बाही

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नयेच. पण आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी एकदा वटवाघळांना बाही शिवली होती. तीही कफासकट.

काकांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला येणार होती. माळ्याखालची हवेशीर खोली तिच्यासाठी राखलेली. काका पाळण्याचा हूक ठोकायला स्टुलावर चढले, तर वरून चिरचिर आणि असा उग्र वास, की काका हातोडीसकट खाली. माळ्यावर वटवाघळांनी बिऱ्हाड थाटलं होतं!

"धूर करतो. बघू कशी राहतात ते!" काका गरजले.

"घर पेटवा एकदाचं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फटवाल्या बाईंना, म्हणजे घरात शिरलेले पशुपक्षी न मारता बाहेर काढून फटी बुजवणाऱ्या बाईंना, फोन लावला.

या बाईंची नजर म्हणजे नजर हो! घराभोवती एक फेरी मारली, मान वर केली आणि वळचणीखालच्या तेलकट डागाकडे बोट दाखवलं. "हे त्यांचं दार." फट ती केवढी, अंगठा जेमतेम जाईल!

"आजच बुजवून टाका," काका म्हणाले.

"आत पिल्लं आहेत, काका. त्यांना अजून उडता येत नाही. आया चरायला गेल्या आणि दार बंद झालं, तर पोरं वर उपाशी मरतील. धूर, विष तर कायद्यातच बसत नाही. पाच आठवडे थांबायचं. तोवर मी वन्यजीव कार्यालयाचं परवानगीपत्र आणते."

काकांचा चेहरा उतरला. पाळणा कुठे टांगायचा? घाबरत घाबरत त्यांनी लेकीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. "थांबते, बाबा. मी तरी माझ्या पिल्लाला सोडून कुठे जाईन? पण सहा आठवड्यांनी येणार म्हणजे येणार. त्यानंतर मला रजा नाही."

म्हणजे बाईंच्या पाच आठवड्यांनंतर काकांच्या हातात फक्त एक आठवडा. डाव चुकला, तर नातवंड दिसायला पुढचं वर्ष.

काका रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. एक वटवाघूळ बाहेर पडलं, की टाचण्यांच्या उशीत एक टाचणी. पाचव्या आठवड्यात पिल्लांसकट एका संध्याकाळी एकशे बारा टाचण्या झाल्या. ग्राहकांचे कपडे रखडले, पण काकांची मोजणी चुकली नाही.

पिल्लं उडू लागली तशी बाईंनी बाकीच्या सगळ्या फटी बुजवल्या. "आता त्या दारावर कापडाची बाही लोंबत ठेवू. आतून घसरत बाहेर पडता येतं. परत येताना कापड मिटलेलं, वर चढायला पकड नाही. गुळगुळीत कापड घ्या. शिवाल ना?"

शिंप्याला विचारताय? दुपारपर्यंत बाही तयार! पण चाळीस वर्षांची सवय. बाही म्हटल्यावर काकांच्या हातांनी कफ लावला, काज केलं, बटणही टाकलं.

त्या संध्याकाळी एकशे बारा टाचण्या. तिसऱ्या दिवशी चार. नंतर सलग तीन संध्याकाळ उशी कोरी. बाईंनी माळ्यात टॉर्च फिरवून खात्री केली, शेवटची फट बुजवली, मास्क लावून सगळी घाण आधी भिजवली आणि मगच काढली. सातव्या दिवशी लेक दारात उभी!

बाळ पाळण्यात झोपल्यावर तिने खुंटीवरची बाही पाहिली. "बाबा, फोनवर म्हणाला होतात, कफाला बटण लावलंय म्हणून. मग ती बाहेर पडली कशी?"

काकांनी चष्मा पुसला. "अगं, तेच तर! सगळी आत अडकली. बाही फुगून पैलवानाचा दंड झाली. माझा तर जीव टांगणीला! तेवढ्यात एका म्हाताऱ्या वटवाघळाने दाताने बटण काढलं. सगळी रांगेत बाहेर, पोरं पुढे. आणि शेवटच्याने काय करावं? मागे वळून बटण परत लावलं! म्हटलं, शिस्त असावी तर अशी."

"थापा!" स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. पदराला हात पुसत त्या आल्या आणि बटणांचा डबा उघडून एक पांढरं बटण त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवलं. "शिडीवर चढायच्या आधी बाईंनी कफ पाहिला आणि हसून हसून पायरीवरच बसल्या. तो अख्खा कफ मी उसवलाय. खुंटीवरच्या बाहीला कफ दिसतोय का कुठे?"