फर्म्याच्या मशीनचा डबा

लिफ्ट दुरुस्त करणारी बाई म्हणून तिला अख्खी वस्ती ओळखायची. कितीही हट्टी लिफ्ट असो, तिने हात लावला की निमूट हलायची. घरच्या मागच्या खोलीतल्या मशीनने मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते.

मशीन तिने स्वतःच बनवलं होतं, नवऱ्यासाठी. तो मापाचे बूट शिवायचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, अशी त्याची गिऱ्हाइकं. प्रत्येकासाठी आधी लाकडाचा फर्मा, म्हणजे त्या पायाची हुबेहूब नक्कल, कोरावी लागे. वर्षानुवर्षं पटाशी चालवून त्याचं मनगट कामातून गेलं होतं. एकदा सकाळी त्याने चहाचा कप डाव्या हाताने उचललेला तिने पाहिला आणि तिथेच मनाशी ठरवलं. सीएनसी करायचं, कॉम्प्युटर सांगेल तसा कटर फिरवून लाकूड कोरणारं मशीन. सांगाडा जमला, मोटरी बसल्या, कटर फिरू लागला. गाडं अडलं ते डब्यापाशी. मोटरींना हुकूम सोडणारे बोर्ड आणि त्यांचा पॉवर सप्लाय ठेवायचा कशात?

आधी तिने सासूबाईंचा झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा उचलला. बारीक भुसा आत जाऊ नये म्हणून सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. भुसा गेला नाही, पण आतली गरमीही बाहेर पडेना. काम निम्म्यावर आलं तोच बोर्ड तापले, मोटर अडखळली आणि कटर टाचेतून आरपार गेला. फर्मा सरपणात जमा. सासूबाईंना डबा परत मिळाला तो वायरींसाठी पाडलेल्या भोकांसकट. तो उजेडाकडे धरून त्या एका भोकातून तिच्याकडे बघत राहिल्या.

मग जुन्या कॉम्प्युटरचा पत्र्याचा खोका आला, पंख्यासकट. पंख्याने गारवा आणला आणि सोबत खोलीतला भुसाही आत ओढला. बोर्डांवर पिठासारखा थर बसला. तो झटकून, पंख्याला कापड बांधून पुन्हा चालू केलं, तर मशीन मधेच थांबायचं. पडद्यावर यायचं, कटर टोकाला पोचला. कटर तर मधोमध उभा. कटर टोकाला पोचल्याचं कळवणारे स्विच तिने बदलले, पुन्हा बदलले, कितीतरी सुट्ट्या त्यात घातल्या. शेवटी वैतागून खोका पुरता उघडला, तर मोटरींच्या जाड वायरी आणि स्विचच्या बारीक वायरी तिने स्वतःच एका भोकातून, एका जुडीत आवळून आणलेल्या. मोटरींचा विजेचा गोंधळ बारीक वायरींत शिरत होता आणि मशीन फसत होतं. कामावर ही चूक कुणी केली की ती त्याला फाडून खायची. तिला स्वतःचीच अशी तिडीक आली की तिने पक्कड कोपऱ्यात भिरकावली.

आता एकच उपाय दिसत होता. खोका भिंतीपलीकडे, पॅसेजमध्ये टांगायचा. तिथे भुसा नव्हता, हवा खेळती होती, आणि भिंतीत दोन वेगळी भोकं पाडली की वायरी एकमेकींपासून लांब राहिल्या असत्या. अडचण एवढीच, की त्या भिंतीला नवऱ्याचं फर्म्यांचं कपाट होतं. ते हलवावं लागेल, असं तिने त्याला सांगितलं, ड्रिल हातात घेऊनच.

"नाही हलवायचं," तो म्हणाला.

आपण नीट ऐकलं की नाही, अशी तिला शंका आली. तो सहसा नाही म्हणत नसे. तिने गरमी समजावली, भुसा समजावला, वायरी समजावल्या. तो आपला कातडं भिजवत राहिला. मग तिचा तोल गेला. एवढे महिने मी कुणासाठी मरतेय, तिने विचारलं, तुझ्यासाठीच ना?

"मी मागितलं होतं का?" तो खाली बघूनच म्हणाला. "मनगट दुखतं हे तुला दिसलं. मशीन हवंय का, हे एकदा तरी विचारलंस?"

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. बिघाड दिसला की दुरुस्तीला लागायचं, एवढंच तिला ठाऊक. राग उतरला नव्हता, पण तो आता कुणावर काढावा ते कळेना. ड्रिल खाली ठेवून ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"नको असेल तर सांग. आजच खोलून ठेवते."

तो मनगट चोळत हळूहळू बोलू लागला. दुखणं वाढत होतं, पटाशी फार दिवस हातात राहणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण पायाची खोड हाताला समजते, कागदावरच्या मापात ती उतरत नाही. तेव्हा मशीनने थोडं जास्तीचं लाकूड ठेवूनच कोरावं. शेवटचा हात तो स्वतः फिरवील, कानसेने.

"आणि कपाट?" तिने विचारलं.

"हलवू. पण एकटी उचलू नकोस."

दोघांनी मिळून कपाट ओढलं. एक भोक विटेत भलतीकडेच गेलं, खोका तिरका बसला आणि एक स्क्रू शेवटपर्यंत आवळला गेलाच नाही. पंखा इतका घरघरू लागला की सासूबाईंनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पण मशीन दुपारभर न थांबता चाललं, आणि बोर्डाजवळ हात नेला तर नुसती ऊब लागली. निघालेला फर्मा नवऱ्याने अंगठ्याने चाचपला. टाचेपाशी त्याचा अंगठा थांबला. इथे लाकूड फार कमी सोडलंस, तो म्हणाला, पुन्हा कोरावा लागेल.

ओठांवर आलेलं तिने कसंबसं गिळलं आणि कॉम्प्युटरकडे तोंड केलं.

"किती सोडू?" तिने विचारलं. आवाज अजून तुसडाच होता.

तो स्टूल ओढून तिच्या शेजारी येऊन बसला.