बटण नसलेला चाकू

हवालदारांनी रुमालातला चाकू टेबलावर काढला, बटण दाबलं आणि टक् करून पातं बाहेर आलं. मग मान वर करून त्यांनी धारकाकांच्या डोक्यावरची पाटी मोठ्याने वाचली: "येथे बटणाच्या चाकूंना हात लावला जात नाही."

धारकाका चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. पस्तीस वर्षं ते कात्र्या-सुऱ्यांना धार लावत होते आणि याच पाटीखाली बसून येईल त्याला कायदा शिकवत होते. साध्या घडीच्या चाकूची स्प्रिंग पातं आत धरून ठेवते, ते उघडायला माणसाचं बोट लागतं. बटणाच्या चाकूत सगळं उलटं. तिथे स्प्रिंग सतत पात्याला बाहेर ढकलत असते आणि पात्याच्या खाचेत अडकलेली एवढीशी खीळ त्याला अडवून धरते. बटण दाबलं की खीळ सुटते आणि पातं आपलं आपण उडतं. गुन्हा आहे तो हाच, आपलं आपण उडणं. हे ते इतकं रंगवून सांगत, की काही गिऱ्हाइकं धार न लावताच काढता पाय घेत.

"हा तुमच्याच हातचा," हवालदार म्हणाले. "मी गुलाब घ्यायला रोपवाटिकेत गेलो, तर काकूंनी मलाच उघडून दाखवला. दोनदा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण त्या अंधाराला कारण होतं. काकूंनी अठ्ठावीस वर्षं रोपवाटिकेत गुलाबाचे डोळे भरले होते. रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा, वर पट्टी बांधायची. गेल्या वर्षी आजारपणात त्यांचा डावा हात लुळा पडला. भिंतीशीही वाद घालणारी ही बाई सहा महिने स्वयंपाकघरात गप्प बसून राहिली आणि त्या गप्प बसण्याने काकांची झोप उडाली. पुढे रोपवाटिकेच्या मालकांनी परत बोलावलं. पट्टी दातांनी ओढून बांधता येत होती. पण चाकू एका हाताने उघडेना, आणि उघडा चाकू खिशात ठेवून वाफ्यात वाकल्या, तर दुसऱ्याच दिवशी मांडी कापून घेतली. तेव्हा काकांनी पाटीकडे पाठ करून, जन्मात पहिल्यांदा, बटणाचा चाकू केला. तो उघडल्यावर ती जी हसली, ते त्यांना आता हवालदारांना सांगता येत नव्हतं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तिला यात ओढू नका."

हवालदार धरायला आलेच नव्हते. त्यांनी खिशातून एक अर्ज काढला. ज्याला एकच हात आहे, त्याला लहान पात्याचा असा चाकू बाळगायची सूट होती. काकूंनी सही केली की झालं. नाहीतर सोमवारी चाकू जमा करावा लागेल, एवढं सांगून आणि चाकू तिथेच ठेवून ते गेले.

घरी काकूंनी अर्ज दोनदा वाचला.

"मला एकच हात आहे, असं लिहून द्यायचं?"

"कागदापुरतं गं."

"कागदापुरतासुद्धा तोडू नका. दोन आहेत माझे. एक जरा आळशी झालाय. या घरात आळशी पोसायची सवय आहे मला." काका हसले, पण ती हसत नव्हती. डावा हात मांडीवर नीट ठेवत ती हळूच म्हणाली, "हा सगळं ऐकतो हो. मी सही केली तर कायमचा झोपेल."

काका चाकू घेऊन दुकानात गेले. बटण काढलं, त्याच्या भोकात पितळी रिबिट ठोकला. स्प्रिंग उलटी बसवली, म्हणजे जी बाहेर ढकलत होती ती आता आत ओढू लागली. पात्याच्या पाठीवर अंगठ्यापुरती पितळी घुंडी चढवली. पण स्प्रिंग घट्ट झाली की काकूंच्या अंगठ्याला जुमानणार नाही, आणि सैल झाली तर झटक्यानेही पातं उघडेल, मग पुन्हा तोच गुन्हा. तेव्हा काकांनी डावा हात विजारीच्या खिशात घातला आणि तीन दिवस तसंच काम केलं. एका हाताने उघडायचं, मांडीवर टेकवून मिटायचं. चहा सांडला, सदऱ्याची बटणं वरखाली लागली. शेजारच्या शिंप्याने खिशात काय लपवलंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हात."

सोमवारी रोपवाटिकेत काकांच्या देखत हवालदारांनी चाकू उलटसुलट पाहिला, मनगटाला झटके दिले. पातं जागचं हललं नाही.

"हा उघडतच नाही की."

"तुमच्याने नाही," म्हणत काकूंनी तो घेतला. अंगठा घुंडीवर टेकला, जरा जोर लावला, आणि पातं सावकाश उघडून खटक्यात बसलं. त्या अशा हसल्या, की हवालदारही हसू लागले. हा कायद्यात बसतो, असं त्यांनी सांगून टाकलं. फक्त तो अर्ज परत हवा होता.

काकूंनी बादलीकडे बोट दाखवलं. गुलाबाच्या काड्या सुकू नयेत म्हणून त्या अर्जातच गुंडाळून ठेवल्या होत्या. कागद ओला चिंब झाला होता आणि सहीची जागा कोरी होती.

मग त्या खुंटापाशी बसल्या. चाकू मांडीवर ठेवून त्यांनी एक काडी काढली, डाव्या हातात ठेवली आणि उजव्या हाताने त्याची बोटं एकेक करून तिच्याभोवती मिटली.

"धर," त्या हाताला म्हणाल्या.

काडी जरा कलली, पण पडली नाही. काकूंनी चाकू उचलून पहिला डोळा काढला. धारकाकांनी तेव्हा कुठे आपला डावा हात खिशातून बाहेर काढला.